कारण विचारायचं नाही

या लिखाणात मी त्याला 'तो' म्हणणार आहे. त्याला हे आवडणार नाही, आणि म्हणूनच म्हणणार आहे.

सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये आम्ही दोघं बरोबर होतो तेव्हा आमचं अरे-तुरे होतं, अगदी कँटीनमध्ये एकमेकांच्या डब्यात हात घालण्याइतकं. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बंगळुराच्या कडेला बोम्मसंद्रात स्वतःची शेड टाकायचं ठरवलं. ठरलं त्या संध्याकाळी तो म्हणाला, "उद्यापासून अहो-जाहो." मला वाटलं, चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात उभा राहून त्यानं मला "या, बसा" म्हटलं. बसायला खुर्ची नव्हती, मी सिमेंटच्या पोत्यावर बसलो.

"हे अहो कशाला?" मी विचारलं.

"अरे म्हटलं की माणूस भसकन बोलून जातो. अहो म्हणायला स्वल्प वेळ लागतो. तेवढ्यात डोकं ताळ्यावर येतं."

त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. मराठी बोलताना मधूनच 'स्वल्प' आणि 'सरी', म्हणजे 'ठीक आहे', असले कानडी शब्द टाकायचा. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला आणि इथलाच होऊन गेलेला. आमचा धंदा म्हणजे मोठ्या कारखान्यांना पत्रा कापायला, वाकवायला लागणारे साचे, आमच्या भाषेत डाय, करून द्यायचे. डाय आखायचा आणि घडवायचा तो. गिऱ्हाईक आणायचं, त्याची बोलणी खायची आणि पुन्हा हसतमुखानं त्याच्याकडे जायचं, हे माझं काम. एकाला दुसऱ्याचं काम येत नव्हतं आणि दोघांनाही ते मान्य होतं.

भागीदारी ठरायच्या आधी त्यानं माझी परीक्षा घेतली होती, हे मला मागाहून कळलं. एका रविवारी तो हेब्बाळला आमच्याकडे जेवायला आला. आदल्या दिवशी त्यानं माझ्या बायकोला फोन करून ठेवला होता, "वहिनी, उद्या जेवण मुद्दाम उशिरा वाढा." बायकोला मजा वाटली, तिनं मला पत्ता लागू दिला नाही. दुपार कलायला लागली, स्वयंपाकघरातून आमटीचा वास येतोय, आणि हा मांडी घालून हेब्बाळच्या तळ्यावरच्या पक्ष्यांबद्दल बोलतोय. शेवटी मी आत जाऊन, "अगं, वाढतेस की आज उपास आहे?" असं जरा चढ्या आवाजात म्हटलं. परत बाहेर आलो तर हा खूश.

"आवाज चढतो, पण आदळआपट नाही," तो म्हणाला. "भुकेलेला बघितल्याशिवाय माणसाला भागीदार करू नये."

आम्ही तिघंही खूप हसलो. ही गोष्ट मी पुढं कित्येक वर्षं लोकांना कौतुकानं सांगायचो. तो स्वतः भुकेला असताना कसा वागतो, हे बघायचं मला सुचलं नाही, आणि त्यानंही ते कधी दाखवलं नाही. पानात काय पडलं, काय नाही, त्याच्या तोंडावर काही दिसायचं नाही.

शेड बोम्मसंद्रात, त्याचं घर जयनगरात, माझं पार हेब्बाळला. म्हणजे रोज सगळं शहर ओलांडायचं ते मी. एकदा कुरकुर केली तर म्हणाला, "तुम्ही लांबून येता हे बरं आहे. रागावून निघालात तरी पोचेपर्यंत राग उतरतो." त्याला स्वतःला राग उतरवायला जागा कुठं होती, कोण जाणे. स्कूटरला किक मारली की हा शेडवर हजर.

ऑफिसात एकच लांब टेबल होतं आणि आम्ही दोघं त्याच्या एकाच बाजूला, शेजारीशेजारी बसायचो. समोरासमोर बसायचं नाही, हा त्याचा कायदा. समोर बसतो तो गिऱ्हाईक नाहीतर इन्स्पेक्टर, असं त्याचं म्हणणं. त्यामुळं भेटायला येणारा बिचारा समोरच्या खुर्चीत तोंडी परीक्षेला बसल्यासारखा घाबरायचा. इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसलो, पण काम चालू असताना त्याचा चेहरा मी समोरून फारसा पाहिलाच नाही.

आणखी एक कायदा होता. भागीदारी सुरू झाली की एकमेकांच्या घरी जेवणं बंद. बायकांची मैत्री बंद, सणावारी येणंजाणं बंद. "दोन घरं जवळ आली की तिसऱ्याच गोष्टीवरून बिनसतं," असं तो म्हणायचा. माझ्या बायकोनं त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, "यांनी नको म्हटलंय हो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." बायकोनं लावून घेतलं. मी मात्र तिलाच समजावत बसलो, की यात त्या माणसाचा केवढा दूरवरचा विचार आहे.

हे सगळं मी आज कडवट होऊन सांगतोय, पण त्याचं जे मोठं होतं ते नाकारणार नाही. एकदा एका डायच्या पोलादी पाटाला भोकं पाडायच्या आधीच कुणीतरी तो हार्डनिंगला, म्हणजे भट्टीत कडक करायला, पाठवून दिला. एकदा पोलाद कडक झालं की साध्या ड्रिलनं त्यात भोक पडत नाही. महिनाभराची मेहनत वाया. गिऱ्हाईकाचा माणूस शेडमध्ये येऊन थयथयाट करायला लागला, की कुणाची चूक आहे ते सांगा, त्याला माझ्यासमोर उभं करा. कामगार खाली माना घालून उभे. हा शांतपणे म्हणाला, "चूक शेडची आहे. शेड तुमच्यासमोर उभी आहे." तो माणूस गेल्यावर त्यानं दुसरा पाट मिलिंगवर चढवला आणि स्वतः कामाला लागला. कुणाला एक शब्द बोलला नाही. ती चूक नेमकी कुणाची होती, हे त्यानं मलाही कधी सांगितलं नाही. आमचा फोरमन रुद्रप्पा त्या दिवसापासून त्याच्यासाठी जीव द्यायला तयार होता. मीही होतो.

आता आयुधपूजेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. इकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकूण एक कारखान्यात यंत्रांची पूजा असते. लेथ, मिलिंग, ग्राइंडर धुऊनपुसून लख्ख करायचे, कुंकू लावायचं, शेवंतीच्या माळा घालायच्या, दाराला केळीचे खुंट बांधायचे. कामगारांच्या बायका-मुलं नवे कपडे घालून येतात, कोहळा फोडतात, चुरमुरे-फुटाणे आणि मिठाई वाटतात. आमच्या शेडमध्ये यानंतर आणखी एक विधी व्हायचा, तो फक्त आमचा. मोठ्या लेथशेजारी उभं राहून तो सगळ्यांसमोर मला विचारायचा, "पुढचं वर्ष?" मी म्हणायचो, "सरी." मग मी त्याला विचारायचो, "पुढचं वर्ष?" तो म्हणायचा, "सरी." कामगारांना समजावं म्हणून उत्तर कानडीत. मग सगळे टाळ्या वाजवायचे.

याचे नियम त्यानं पहिल्याच वर्षी घालून दिले होते. दरवर्षी दोघांनी आपापल्या तोंडानं होकार द्यायचा. ज्याला नको असेल त्यानं नको म्हणायचं, स्वतःची हत्यारं उचलायची आणि बाहेर पडायचं. बाकी सगळं दुसऱ्याचं. आणि दुसऱ्यानं कारण विचारायचं नाही.

"हे काय भलतंच?" मी म्हटलं होतं.

"कारण सांगितलं की त्याला उत्तर येतं. उत्तराला प्रत्युत्तर. मग वकील. आपल्या कारखान्यातल्या किती जणांच्या भागीदाऱ्या अशा मोडल्या, बघितलंत ना? मोडायचीच वेळ आली तर एका शब्दात मोडावी आणि नमस्कार करता यावा."

मला ते त्या वेळी फार थोर वाटलं. मी एकट्यालाच वाटलं असं नाही. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्याचं भाषण ठेवलं होतं, भागीदारी जोडावी कशी आणि टिकवावी कशी, या विषयावर. मी पहिल्या रांगेत. "लग्न एकदा करून भागतं, भागीदारी दरवर्षी करावी लागते," असं तो म्हणाला तेव्हा हॉलमधल्या बायकांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. भाषणानंतर लोक आम्हा दोघांना बघायला येत होते. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर आपल्या दोन भांडखोर मुलांना आमच्यासमोर आणून उभं केलं आणि म्हणाले, "यांच्याकडून शिका." आमचं कधी भांडण झालेलं नाही हे मी अभिमानानं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

नव्वदीचं दशक अर्धं उलटलं तेव्हा बंगळुरात परदेशी कंपन्या यायला लागल्या. त्यातल्या एका मोटारीच्या कंपनीच्या मागं मी वर्षभर लागलो होतो. त्यांची माणसं शेड बघून गेली, त्याच्या हातचे डाय बघून खूश झाली, आणि काम आम्हाला मिळालं. एवढं मोठं काम आमच्या पट्ट्यातल्या कुणाला मिळालं नव्हतं. जागा पुरणार नव्हती, म्हणून शेजारची शेड घेतली. प्रत्येक गोष्ट मी त्याला विचारून केली. कंपनीला होकार देऊ? सरी. शेजारची शेड घेऊ? सरी. मधली भिंत पाडायची तर कुठून पाडायची, हे त्यानं स्वतः टेप लावून खडूनं आखून दिलं. आयुधपूजेच्या आधी भिंत पाडून झाली. दोन्ही शेड एक झाल्या. त्या वर्षी मी माझ्या बायकोलाही पूजेला घेऊन गेलो होतो, इतका मला आनंद झाला होता.

पूजा झाली. कोहळा फुटला. तो लेथशेजारी उभा राहिला, मी त्याच्या समोर.

"पुढचं वर्ष?" त्यानं विचारलं.

"सरी!" मी जरा जोरातच म्हणालो. मुलं हसली.

"पुढचं वर्ष?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला.

जेवताना कुणी भात वाढायला आलं तर आपण पानावर हात आडवा धरून म्हणतो, तसं. आवाजात राग नाही, दुःख नाही. रुद्रप्पाला एवढं मराठी येत होतं. तो हसून बायकोला म्हणाला, "तमाषे, तमाषे." म्हणजे साहेब गंमत करतायत. मग त्यानं माझा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. भागीदारानं तोवर आपलं मायक्रोमीटर, आपले पाने आणि एक जुनी कानस पिशवीत भरली होती. यंत्रांवर फुलं होती, ती त्यानं हलू दिली नाहीत.

दारापाशी थांबून तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलेल.

"अरे, वहिनी बरोबर आहेत ना? बसनं नेऊ नकोस, रिक्षा करून दे त्यांना," तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी मला 'अरे' ऐकू आलं ते असं. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. आजही लागतं.

पुढं काय व्हायचं ते झालं. मी गिऱ्हाईक आणू शकत होतो, डाय आखू शकत नव्हतो. पगारी डिझायनर ठेवून पाहिले, पण कंपनीनं त्याच्या हाताचं काम बघून होकार दिला होता. ते काम दुसरीकडे गेलं. त्यामागून जुनी गिऱ्हाइकंही गेली. रुद्रप्पानं शक्य तितकी साथ दिली, मग एक दिवस डोळ्यांत पाणी आणून तोही गेला. मधली भिंत तशीच पडलेली राहिली, ती पुन्हा बांधायचं कारण उरलं नाही. मी शेड विकली आणि पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याच्या कारखान्यात इन्स्पेक्शनच्या टेबलावर नोकरीला लागलो.

हे सगळं मी सोसलं असतं. धंदे बुडतात. पण लोक मला विचारायला लागले, "काय हो, काय झालं तुमच्यात?" मी म्हणायचो, "मला माहीत नाही." यावर कोण विश्वास ठेवणार? भागीदार भरल्या मांडवातून उठून जातो, एक खिळासुद्धा नेत नाही, आणि मागं राहिलेला म्हणतो, मला माहीत नाही. त्यानं काही लुबाडून नेलं असतं तर फार बरं झालं असतं. मला निदान चोर म्हणता आलं असतं त्याला. तो माझ्याविरुद्ध कधी एक अक्षर बोलला नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "ते गृहस्थ चांगले आहेत." मंडळातले लोक एकमेकांकडे बघायचे. बघा, केवढा मोठेपणा! एवढं होऊनही बोलत नाही! याचा अर्थ तुम्हीच लावा. लोकांनी तो लावला. ज्यांनी आपली मुलं आमच्यासमोर उभी केली होती, ते गृहस्थ मंडळात मला टाळायला लागले. मी गणपतीला जाणं सोडून दिलं.

बायकोला वाटायचं, हळदीकुंकवाच्या वेळी ती फोनवर फटकन काही बोलली, ते त्याच्या कानावर गेलं असेल. रुद्रप्पाला वाटायचं, परदेशी लोकांना साहेब घाबरले. मला काय वाटायचं? मला रोज नवीन काहीतरी वाटायचं. हेब्बाळहून कामावर जाताना बसमध्ये मी एकेक दिवस आठवून तपासायचो, कुठं काय बोललो, कधी काय राहिलं. काही सापडायचं नाही.

एकदाच मी त्याच्या घरी गेलो, जयनगरला. नियम मोडायलाच गेलो होतो. त्यानं आनंदानं आत घेतलं, बायकोला कॉफी टाकायला सांगितली, कुंडीतला गुलाब दाखवला. कॉफी आल्यावर मी विचारलं, "का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ठरलं होतं ना?" तो म्हणाला. "साखर पुरे आहे का बघ."

मी ती कॉफी प्यालो आणि उठून आलो. वाद घालायला त्यानं जागाच ठेवली नव्हती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका रविवारी आमच्या दारात एक बाई उभी. तिशी ओलांडलेली, सलवार-कमीज, खांद्याला ड्रॉइंगची नळी. मूळची नागपूरची, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, ती स्वतः टूल डिझायनर. नवीन शेड टाकत होती, कॉम्प्युटरच्या प्लास्टिकच्या भागांचे साचे करायला. आणि भागीदार म्हणून तिला तो हवा होता.

"काका, मी एन्क्वायरीला आले," ती हसत म्हणाली. "त्यांनीच पाठवलं ना मला. म्हणाले, माझ्याबद्दल विचारायचं तर फक्त यांना विचारा, हे खोटं नाही सांगणार."

माझी बायको आतून सगळं ऐकत होती. तिनं भांडं आपटलं ते मला कळलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर ती मुलगी तशीच परत गेली असती. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "माणूस सचोटीचा आहे. त्याच्यासारखा हात बंगळुरात दुसऱ्या कुणाला नाही." स्वतःचाच संताप आला मला. पण खोटं काय सांगणार होतो? मग तिला मी आयुधपूजेचा तो विधी सांगितला, नियम सांगितले आणि म्हटलं, "त्याला एक अट घाल. नको म्हणालात तर कारण सांगावं लागेल. ही अट तो मान्य करणार नाही. नाही केली तर तू मागं फिर."

पुढच्या रविवारी ती मैसूर पाकाचा डबा घेऊन आली.

"काका, झालं फिक्स! तुम्ही उगाच घाबरवून ठेवलं मला. एका मिनिटात हो म्हणाले ना ते."

"नेमकं काय म्हणाला?"

"म्हणाले, सांगीन की, त्यात काय एवढं."

मी खुर्चीत बसलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं असावं. गुणी मुलगी होती.

"काका, तुम्हाला नाही का सांगितलं त्यांनी?"

"नाही."

"मग मी विचारू? मला तर विचारता येते आता. पार्टनर आहे मी त्यांची."

मी फोनकडे बोट दाखवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात ओलं फडकं. नागपूरच्या मुलीनं नंबर फिरवला. पलीकडून त्यानंच उचलला असावा. तिनं सरळ, सोप्या शब्दांत विचारलं, काकांना तुम्ही नको का म्हणाला होतात म्हणून. मग ती ऐकत राहिली. "हो," म्हणाली. "बरं," म्हणाली. आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"काय म्हणाला?" माझ्या आधी बायकोनं विचारलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणाले, ते आम्हा दोघांतलं आहे, तिसऱ्याला कसं सांगणार. आणि म्हणाले..." ती थांबली. "म्हणाले, त्यांना माहीत आहे."

मी बायकोकडे पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती. इतकी वर्षं माझ्या बाजूनं भांडलेली माझी बायको.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "देवाशपथ सांगतो, मला माहीत नाही."

"हो काका," ती मुलगी म्हणाली आणि ड्रॉइंगची नळी खांद्याला लावून निघाली. जाताना नमस्कार केला, पण पुन्हा येते असं काही म्हणाली नाही. तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. तिच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता.